अण्णांची पाकिटं

मुंबईच्या खोलीतल्या गाववाल्यांनो, सगळे कामावरून आलात की हे पत्र मोठ्याने वाचा. आज सकाळी घडलं ते लगेच लिहितेय.

माझे वडील, अण्णा, तीस वर्षं आपल्या गावचे पोस्टमन. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांना नावं आठवेनात. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, मेंदूलाही व्यायाम लागतो, रोज त्यांचंच काम द्या. म्हणून घराघरांतून तुम्ही मुंबईहून पाठवलेली जुनी पाकिटं मागून आणली. अण्णा ती रोज वाडीवार लावतात.

पहिला महिना नुसता घोळ. आज मात्र एकही चूक नाही. वरची वाडी, खालची वाडी, मोहल्ला, सगळं बरोबर.

शेवटचं रजिस्टर पाकीट त्यांच्याच, गोविंदरावांच्या नावाचं होतं. ते घेऊन अण्णा उठले, दारापुढच्या खळ्यातून फिरून आपल्याच दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वैनी, गोविंदराव हायत काय घरात? सही लागंल."

आईने पदराला हात पुसले. "भायेर गेलेत. मी करते सही."

तिने सही केली. मला रडूसुद्धा आलं नाही.

सोमवारी डॉक्टर विचारतील, काही सुधारणा? काय सांगू, ते कळवा.