मागच्या उजव्या चाकाचे पाच नट

गाडी पिटमधून बाहेर पडली तेव्हा तिच्या मागच्या उजव्या चाकाचे पाचही नट नुसते बसवलेले होते, आवळलेले नव्हते. दत्तारामला ते माहीत होतं. त्याने ते मला सांगितलंही होतं.

पिट म्हणजे शर्यतीची गाडी थांबवून तिच्यावर काम करायची जागा. आमची पिट म्हणजे कुवेतमधल्या जहरा गावाच्या पलीकडे, वापरात नसलेल्या एका डांबरी पट्ट्याच्या कडेला ठोकलेला तंबू. दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं. मी कुवेतमध्ये गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर होतो. बी. ई. मेकॅनिकल, मूळचा बार्शीकडचा, घरातला पहिला पदवीधर. वडील सही करायला शिकले ते माझ्या कॉलेजच्या अर्जासाठी. इंग्रजी मी पाठ करून कमावलेलं, त्यामुळे त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. तो पुढे नडला.

आमचे मालक अबू फहद यांना शर्यतीचा नाद. शेजारच्या देशात सहा तासांची शर्यत होणार होती. त्यात एकच गाडी आळीपाळीने दोघा-तिघांनी चालवायची असते. अबू फहदनी स्वतः चालवायचं ठरवलं आणि जोडीला ऑस्ट्रेलियाहून रॉसला बोलावलं.

रॉस पंचेचाळिशी ओलांडलेला. त्याने अर्धं आयुष्य टूरिंग कार चालवल्या होत्या. टूरिंग कार म्हणजे आपल्या दारात उभी असते तीच गाडी. आतल्या सीटा, गालिचे काढून, लोखंडी पिंजरा बसवून शर्यतीसाठी तयार केलेली. नंतर तो युरोपात स्पोर्ट्स कारच्या लांब शर्यती चालवून आला. सुरुवातीला म्हणे आठवडाभर वेल्डिंग करायचा आणि रविवारी स्वतःची गाडी स्वतःच ट्रेलरवर घालून न्यायचा. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण टायरवरून तळहात फिरवून हवा किती आहे ते सांगायचा. मी गेज लावायचो, तर फरक अर्ध्या पॉइंटचा. पहिले दोन दिवस मला वाटलं, नशीब. तिसऱ्या दिवशी मी गेज लावणं सोडलं नाही, पण त्याच्यासमोर लावणं सोडलं.

त्याचा एक नियम होता. पहिला लॅप, म्हणजे पहिली फेरी, सावकाश. "पहिला लॅप गाडीचा," तो म्हणायचा. "तिला काय म्हणायचंय ते ऐकून घ्यायचं. दुसऱ्यापासून माझा."

अबू फहदना हे पटायचं नाही. "मी पैसे वेगाचे देतो," ते म्हणायचे.

"सावकाशचा लॅप फुकट आहे," रॉस म्हणायचा.

आता चाकाचं. शर्यतीच्या गाडीचे नट दोन टप्प्यांत आवळतात. गाडी जॅकवर असताना हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने बसवायचे. मग गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने पक्के करायचे. टॉर्क रेंच म्हणजे ठरलेला जोर लागला की 'टक्' असा आवाज करणारा पाना. आमच्या गाडीला तो जोर होता एकशे वीस न्यूटन-मीटर. मागचं उजवं चाक दत्तारामकडे. तो कुडाळकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कराराचे सातच महिने झालेले. इंग्रजी त्याला येत नव्हतं, त्यामुळे त्याच्या आणि रॉसच्या मधे मी.

सरावाच्या त्या सकाळी आमच्याकडे टॉर्क रेंच एकच होता आणि तो पुढच्या चाकांवर चालू होता. गाडी खाली टेकली. डाव्या बाजूला बसलेल्या रॉसला उजवं मागचं चाक दिसत नव्हतं. त्याने हेल्मेटमधून विचारलं, "राइट रिअर डन?"

मी ओरडलो, "दत्ताभाऊ, झालं का?"

दत्ताराम पाना आणायला पुढे निघाला होता. जाता जाता म्हणाला, "झालाच, सायबानू."

मी म्हणालो, "डन."

रॉस निघून गेला. दत्ताराम पाना घेऊन परत आला आणि रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला.

"गाडी खंय गेली?" त्याने विचारलं.

मी रेडिओ उचलला, तेवढ्यात रॉसचाच आवाज आला. शांत, जणू चहा मागतोय. "राइट रिअर काहीतरी सांगतंय. परत येतो." तो चालत्या माणसाच्या वेगाने, पट्ट्याच्या कडेकडेने आला. एक नट गायब होता, दोन नुसत्या बोटांनी फिरत होते. दुसऱ्या लॅपला तो त्या पट्ट्यावर दोनशेच्या वर जायचा.

अबू फहद तंबूत आले. चाक बघून त्याच्याकडे बोट केलं. "हे चाक कोणाचं?"

दत्ताराम पुढे झाला. त्याला प्रश्न कळला नव्हता, पण बोट कळलं होतं.

"खलास," अबू फहद म्हणाले. "याचा इकामा रद्द. या आठवड्यात घरी." इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो गेला की कुवेत संपलं.

मी गप्प होतो. चार-पाच सेकंद असेन. ते सेकंद मी आजही मोजून सांगू शकतो. इंजिनिअर मी, मेकॅनिक तो. गप्प राहिलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं.

रॉसने हेल्मेट काढलं. "एक मिनिट. तो नक्की काय म्हणाला होता? त्याच्या भाषेत."

"झालाच," मी म्हणालो.

"म्हणजे?"

आयुष्यभर बोललेला शब्द. त्याचा अर्थ सांगताना मला घाम फुटला. "म्हणजे... झालंय. फक्त अजून व्हायचंय."

रॉस हसला नाही. "आणि डन कोण म्हणालं?"

"मी. चूक माझी आहे. त्याने सांगितलं होतं, मी चुकीचं सांगितलं."

रॉस टायरवर बसला. "आमच्याकडेही असा शब्द आहे," तो म्हणाला. "शी'ल बी राइट. होईल ठीक. ऐन जोरात असताना माझ्या मेकॅनिकने हे म्हटलं आणि मी ते ऐकून ट्रॅकवर गेलो. सहा महिने पाय प्लास्टरमध्ये. माझी टीममधली जागा दुसऱ्याला गेली, ती परत मिळाली नाही." मग अबू फहदकडे वळून म्हणाला, "या माणसाने खरं सांगितलं. त्याला घालवलंत तर मला दुसरा खरं सांगणारा शोधून द्या. तोवर मी गाडीत बसत नाही."

अबू फहदनी ते चाक पुन्हा एकदा बघितलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "शर्यतीला तू येणार नाहीस. तो येईल."

मला लागलं. तीन महिने त्या गाडीत मी जीव ओतला होता. पण निकाल बरोबर होता.

दुपारीच रॉसने नवा नियम केला. पिटमध्ये 'डन' हा शब्द बंद. ज्याच्या हातात पाना, त्याने 'टक्' ऐकल्यावर आकडा म्हणायचा, आपल्या भाषेत. भाषांतर नाही. हे माझ्याकडे बघत म्हणाला. मग दत्तारामसमोर उकिडवा बसून त्याने 'एकशे वीस' पाठ केलं. 'एक्शेविस' असं म्हणायचा.

"सायबाक सांगा," दत्ताराम मला म्हणाला, "माका पण जमता इंग्लिश. वन ट्वेंटी."

"वन ट्वेंटी नको," रॉस म्हणाला, कारण तेवढं त्याला कळलं. "मला त्याचाच शब्द हवा."

शर्यतीच्या दिवशी मी शुवैख भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकाच्या गाडीचा एसी दुरुस्त करत होतो. संध्याकाळी फोन आला. आमची गाडी पूर्ण सहा तास धावली, गटात चौथी आली. पहिल्या तीनमध्ये नाही म्हणून अबू फहद नाराज. चाकाला काही झालं नाही. रॉस त्यानंतर एक-दोन वर्षं चालवत होता म्हणतात, मग ऑस्ट्रेलियात मुलांना शर्यतीची गाडी चालवायला शिकवू लागला. दत्ताराम आणखी नऊ वर्षं कुवेतमध्ये राहिला.

मी पुढे कुवेतमध्येच अहमदीला तेल कंपनीत गेलो आणि इन्स्पेक्शन विभागातून निवृत्त झालो. तिथे माझ्या हाताखालचे लोक मला कटकट्या म्हणायचे. कोणी 'झालंच' म्हटलं की मी विचारायचो, किती राहिलंय? तिसऱ्यांदा विचारल्यावर खरा आकडा यायचा. बहुतेक वेळा निम्मं काम राहिलेलं असायचं.