या कुंडीला खत नको

आमच्या वहिनीच्या मामांइतका भीतिदायक मनुष्य साऱ्या नाहूरमध्ये झाला नसेल, आणि त्यांच्याजवळ हत्यार काय, तर निंबोळी पेंडेने भरलेला बिस्किटांचा डबा. मामा मूळचे मालवणकडचे, मरोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, कांजूरमार्गला एका खोलीत एकटेच राहायचे. महिन्यातून एका रविवारी ते आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन घरोघरच्या कुंड्यांना खत घालायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. आधी जिन्यातून पेंडेचा कडवट वास वर यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम दारात मामा. त्यांची पावलं कधी ऐकूच येत नसत.

खत कुठलं आणि किती, हे ते चव घेऊन ठरवत. कुंडीत बोट खुपसायचं, माती जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. तेवढा वेळ घरातला पंखासुद्धा दबकून फिरतोय असं वाटे. मग निकाल लागे, ‘आधी पाणी, मग पाव चमचा.’ मूठमूठ खत घालणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. आमचं कढीलिंबाचं झाड मलूल झालं म्हणून मी एकदा ‘जरा जास्त घाला’ म्हटलं, तर म्हणाले, ‘आजारी माणसाक कोणी पुरणपोळी घालता काय रे?’

खरी भीती होती ती दुसऱ्या निकालाची. कधी कधी मामा माती थुंकत, डब्याला झाकण लावत आणि हळूच म्हणत, ‘हिका आता खत नको.’ दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या तुळशीला ते श्रावणात असं म्हणाले, आणि गणपतीत मास्तर हार घातलेल्या फोटोत गेले. समोरच्या आजींच्या मोगऱ्यालाही तेच म्हणाले, आणि आजीही गेल्या. त्यानंतर सगळी बिल्डिंग टरकली. ‘मामा, चिमूटभर तरी टाका ना!’ म्हणून चांगली चांगली माणसं गयावया करायची. एकाने तर घाबरून आदल्या दिवशीच कुंडीत युरिया ओतला. झाड जळून गेलं, गृहस्थ अजून ठणठणीत आहेत. मी या सगळ्याला हसायचो.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मामांनी आमच्या ग्रिलमधल्या जास्वंदीत बोट घातलं. जास्वंद आईची. मामांनी डोळे मिटले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माती थुंकली, झाकण लावलं.

‘हिका आता खत नको.’

‘मामा, असं काय करताय? घाला ना थोडं!’ म्हणत मी चक्क त्यांच्या हातातला डबा ओढू लागलो. आई गवार मोडत बसली होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मामांनी मातीत पुन्हा बोट फिरवलं आणि अर्धवट विरघळलेली एक गुलाबी गोळी काढून तिच्यासमोर ठेवली.

‘विहीणबाय, बीपीच्या गोळ्यो कोण खाता? तुमी, की ही जास्वंद?’

आईने हातातली शेंग ताटात टाकली. मग म्हणाली, ‘हे गेले. आता कुणासाठी खाऊ, मामा?’

मामांनी डबाच तिच्या मांडीवर ठेवला. ‘आजपासून ह्या काम तुमचा. रोज आधी गोळी, मग झाडांका पाणी. हिची माती सुधारली की पाव चमचा खत. मी येऊन चव बघतलंय.’ आई आयुष्यात कुणाला घाबरली नव्हती, पण त्या जिभेला घाबरली. रोज सकाळी आम्हाला दाखवून गोळी गिळू लागली.

गेल्या हिवाळ्यात मामांनीच अंथरूण धरलं. आई आणि मी कांजूरला गेलो. खिडकीत, रंगाच्या जुन्या डब्यात, त्यांची स्वतःची एकुलती एक अबोली होती. ‘बघा, विहीणबाय,’ ते म्हणाले. आईने मातीत बोट घातलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. खोलीत पेंडेचा वास होता आणि कसलाच आवाज नव्हता. तिचा चेहरा तेव्हा हुबेहूब मामांसारखा दिसला आणि मी नजर वळवली.

‘पाव चमचा घालूया, मामा,’ ती म्हणाली.

‘खोटा बोलतास,’ मामा हसले. पण त्यांनी घालू दिलं.

परतताना मी विचारलं, ‘कशी लागली गं माती?’ आईने पिशवीतली बाटली काढून चूळ भरली. पुढच्याच आठवड्यात मामा गेले.

ती अबोली आता आमच्या ग्रिलमध्ये जास्वंदीशेजारी आहे. मामांची फार आठवण येते, आणि रविवारी जिना अजून मला उगाच शांत वाटतो. आई रोज गोळी घेते, कुंड्यांना पाणी घालते, महिन्यातून एकदा पाव चमचा पेंड घालते. चव मात्र ती कुठल्याच कुंडीची घेत नाही.