खोआराईची उजवी मांडी

खोआराईची मांडी मोडली ती घोड्याचा पाय बर्फावरून घसरला म्हणून, आणि त्याची बायको मालिम्फो गेली ती तापाने. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पण लेसोथोच्या डोंगरात एकाच हिवाळ्यात दोन्ही झालं, आणि माणूस एकच होता. तो खाली इस्पितळात पायाला वजनं टांगून पडलेला असताना थोरली बहीण लिपुओ आली, खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मालिम्फोला माती दिली रे काल."

खोआराईने विचारलं, "घोड्याला चारा कोण घालतंय?"

शेजारच्या खाटांवरची माणसं बघतच राहिली. लिपुओ एरवी फटकळ बाई, पण तेव्हा रागावली नाही. "मीच," म्हणाली.

आमच्याकडे मातीला जो हजर नव्हता, त्याने परतल्यावर कबरीपाशी खाली बसून आपल्या हाताने धोंडा ठेवायचा. दुसऱ्याने ठेवून चालत नाही, आणि घोड्यावर बसल्या बसल्या टाकला तर गाव शेण घालील तोंडात. कबरी सगळ्या वरच्या धारेवर. घरी आणलं तेव्हा खोआराईची उजवी मांडी मनगटाएवढी झालेली. पायी चढणं सोडाच, घोड्यावर टांग टाकता येईना. "मांडी बरी होऊ दे, मग ठेवतो," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावून करतात काय?

गावातल्या दवाखान्यात व्यायाम शिकवायला केनेउओ नावाची मुलगी येई. तिने त्याच्या मांडीवर बोट फिरवत, बापाच्या वयाच्या माणसाला मारतात तशी हाक मारून सांगितलं, "न्ताते, पुढचे हे चार स्नायू. चौघे मिळून गुडघ्याची वाटी वर ओढतात, तेव्हा पाय सरळ होतो."

"चार भाऊ, आणि एकही कामाचा नाही," खोआराई म्हणाला.

"हा आतल्या अंगाचा, वाटीच्या जरा वरचा, सगळ्यांत आळशी. झोपतो पहिला आणि उठतो शेवटी."

"आमच्याच घराण्यातला दिसतोय मेला," लिपुओ दारातून म्हणाली.

केनेउओ हसली. मग तिने मागचे तीन दाखवले, गुडघा दुमडणारे; आणि आतल्या बाजूचे, दोन्ही मांड्या जवळ ओढणारे. घोडेस्वार घोडा धरतो तो यांच्या जोरावर. मग म्हणाली, "न्ताते, उठण्यापेक्षा सावकाश बसणं अवघड असतं. बसताना पुढचे चारही लांब होत जातात, आणि तरी वजन सोडत नाहीत. त्यांनी सोडलं की माणूस पोत्यासारखा आदळतो."

खोआराई सांगितलेलं सगळं करी. गुडघ्याखाली घोंगडीची गुंडाळी ठेवून दाबायचा, वाळूची पिशवी पावलाला बांधून पाय उचलायचा, दोन्ही गुडघ्यांत भोपळा धरून आवळायचा. कंटाळा नाही, घाई नाही, दुखलं तर हूं की चूं नाही. लिपुओने पुढ्यात पापा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, आणि भाजी ठेवली की खायचा, नाही ठेवली तर मागायचा नाही. मालिम्फोचं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. एखादा भडाभडा रडतो, त्याला चार शब्द तरी सांगता येतात. या दगडापुढे काय बोलणार?

पीचला फुलं आली त्या सुमाराला लिपुओ एका सकाळी पाणी घेऊन मागच्या अंगाने आली, तर हा घोड्याच्या पायातली दोरी सोडायला खाली बसत होता. कशाला न धरता, सावकाश, पार टाचांपर्यंत. दोरी सोडली आणि तसाच उठला.

तिने बादली आदळली. "मांडी बरी आहे तुझी!"

"नाही अजून."

"कोणाला शेंड्या लावतोस रे? गाव मला विचारतंय, आणि मी येड्यासारखी सांगतेय, त्याला बसता येत नाही, उठता येत नाही!"

खोआराई दोरी गुंडाळत राहिला. शेवटची गाठ मारून म्हणाला, "ताई, धोंडा ठेवला की ती मेली ना गं."

लिपुओचा राग जागच्या जागी उतरला. ती खाली बसली. "ती मेलीच आहे रे बाबा. वर एकटी पडलीये, तुझी वाट बघत."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. त्याने टांग टाकली, मांड्या आवळल्या, आणि घोडा मुकाट सरळ चालू लागला. लिपुओ बाजूने धापा टाकत चढत होती. वर पोचल्यावर तो उतरला. उजवा पाय आधी जमिनीला लागला, सगळं वजन त्याच्यावर आलं, आणि गुडघा वाकला नाही.

जवळचाच एक धोंडा त्याने उचलला आणि कबरीपाशी सावकाश खाली बसू लागला. मांडी थरथरू लागली. आता हिने सोडावं, असं त्याला फार वाटत होतं. आपण आदळलो असतो, लागलं असतं, निदान त्या निमित्ताने तोंड उघडलं असतं. पण चौघांनीही धरून ठेवलं. तो आळशीसुद्धा उठला होता. धोंडा अलगद मातीवर टेकला.

"मालिम्फो, मी आलो," तो म्हणाला.

मग तो उठला, कोणाचा हात न धरता. मागे लिपुओ अंगावरच्या घोंगडीचं टोक तोंडात कोंबून रडत होती. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्याने वाकून उजव्या मांडीवरून हात फिरवला, कोणाच्या तरी जनावरावरून फिरवावा तसा.

"ताई, ही तर बरी झाली गं," तो म्हणाला. "आता उद्यापासून मी काय करू?"