लेकीच्या गाडीतलं ऑइल

लेकीनं ती मोठी मोटरसायकल घेतली आणि माझी झोप उडाली. ती आष्टीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होती, आम्ही दोघं नवराबायको नांदूरघाटला. शनिवारी यायची, रविवारी परत जायची. एसटीनं येत होती तोवर मी निवांत होतो. गाडी आल्यापासून मात्र शनिवारी दुपारनंतर मी ओट्यावरून हलत नसे. लांबून आवाज आला की छातीत धडधडायचं आणि नाही आला की त्याहून जास्त.

माझी भीती वेगाची नव्हती. पोस्टात नवीन लागलो होतो तेव्हा एका सोबत्याच्या गाडीवर मागं बसून केजला चाललो होतो. वैशाखाचं ऊन. चालत्या गाडीचं इंजिन एकाएकी जाम झालं आणि मागचं चाक कुणीतरी पकडून ठेवावं तसं थांबलं. मी बाभळीत जाऊन पडलो, म्हणून वाचलो. त्याचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. ऑइल कमी होतं आणि उन्हानं तेही पाण्यासारखं झालं होतं, असं मेकॅनिक म्हणाला. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. लेकीला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

मे महिना लागला तशी ती म्हणाली, "अण्णा, गाडीचं ऑइल बदलायचंय. केजला येता का?"

मी लगेच पायात चपला घातल्या.

स्पेअर पार्टचं दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "चाचा, तुमच्याकडं सगळ्यात जाड ऑइल असेल ते द्या."

"अण्णा, जाड म्हंजे चांगलं असं न्हाई," ती म्हणाली. "लई जाड असलं तर सकाळी चालू करताना वर चढायला येळ लागतो. तेवढा येळ इंजिन कोरडंच."

चाचांनी दोन डबे काउंटरवर ठेवले. एक दहा-चाळीस, एक दहा-पन्नास. पहिला आकडा थंड इंजिनातल्या ऑइलचा, दुसरा तापलेल्या, एवढं मला त्या दिवशी समजलं. गाडीच्या पुस्तकात दोन्ही चालतील असं होतं; हवा जास्त गरम असेल तर दुसरं.

"बेटी, जोरात पळवतीस ना? मंग उन्हाळ्यात पन्नासच घे," चाचा म्हणाले.

"कारचं चालत नाही का? ते भारी असतं म्हणतात," मी विचारलं.

"न्हाई हो. हिचा क्लच ऑइलमधीच बुडालेला असतो. कारच्या ऑइलनं तो घसरतो." तिनं डब्यावरची मोटरसायकलची खूण मला दाखवली. मी झाकणाचं सील दोनदा नखानं दाबून पाहिलं. नकली निघालं तर, हा विचार घरी पोचेपर्यंत सुटला नाही.

संध्याकाळी अंगणात तिनं स्वतःच ऑइल बदललं. खालचा बोल्ट काढला तसं काळं, ऊन ऑइल घमेल्यात पडलं. नवं भरलं. थोडं उरलं ते डब्यातच ठेवलं.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो.

"कावून?"

"असंच. तुझी खोली बघतो."

खरं तर मला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. उरलेल्या ऑइलचा डबा मी माझ्या पिशवीत टाकला. ती हसली.

रविवारी सकाळी निघालो तरी मांजरसुंब्यापर्यंत ऊन चटके देऊ लागलं होतं. इंजिनाची धग पायांवर येत होती. हेल्मेटमधूनच इंजिनाकडं कान देऊन मी बसलो होतो. आवाज एकसारखा, स्वच्छ. पाटोदा मागं पडलं तेव्हा कुठं माझी मूठ जरा सैल झाली. मग डाव्या घोट्याला ओलं लागलं. घाम असेल असं वाटलं. खाली पाहिलं तर पँटचा काठ तपकिरी झाला होता.

ऑइल. तेच माझ्या पायावर, म्हणजे मागच्या टायरवरही.

समोर वळण होतं. मी तिच्या खांद्यावर थापा मारल्या. मी वेगाला भ्यालो असं वाटून तिनं हातानंच 'असू द्या' अशी खूण केली. शेवटी सगळा जीव एकवटून ओरडलो, "अगं ऑइल गळतंय! ऑइल!"

तिनं ब्रेक मारला नाही. हळूच वेग कमी केला. वळणावर मागचं चाक वीतभर बाहेर सरकलं आणि परत सरळ झालं. पुढं लिंबाच्या सावलीला गाडी थांबवून तिनं आधी इंजिन बंद केलं. उतरून खाली वाकली, टायरची कड बोटानं पुसून पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"बोल्टखाली जुनंच वायसर बसवलं मी," ती म्हणाली. "नवं आणायचं राहिलं."

इंजिनाला पातळी बघायची छोटी काच असते, तिच्यात ऑइलची रेघ दिसतच नव्हती. तिनं पान्यानं बोल्ट आवळला, पिशवीतलं उरलेलं ऑइल ओतलं. आम्ही प्यायचं पाणी आणि माती घालून टायर घासलं, आणि बैलगाडीच्या चालीनं पाटोद्याला माघारी आलो. तिथल्या गॅरेजात नवं वायसर बसलं, ऑइलची पातळी पुरी झाली, टायर साबणाच्या चुऱ्यानं धुतलं.

"अण्णा, स्टँड इथंच हाय. तुमी एसटीनं या," ती म्हणाली.

"आन् तू?"

"मी गाडीवर."

मी मागं जाऊन बसलो. आष्टी येईपर्यंत पँटच्या काठावरून नजर काढली नाही. जुना डाग मोठा होतोय असं मला सारखं वाटत होतं. झाला नाही.

खोलीवर तिनं चहा केला.

"वळणावर चाक सरकलं ते तुला कळलं?" मी विचारलं.

"कळलं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी उडी टाकली असती."

मला हसू आलं नाही. केजच्या रस्त्यावरची ती जुनी गोष्ट मी तेव्हा तिला सांगितली. बाभळ, माझ्या सोबत्याचा गुडघा, सगळं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. चहावर साय धरली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुमाला मी गाडी चालवते हेच आवडत न्हाई."

गाडी तिनं विकली नाही, मीही विक म्हणालो नाही. आता ऑइल बदलते तेव्हा बोल्ट मी शेवटी हात लावून पाहतो. शनिवारी दुपारी ओट्यावर असतोच. तिथं बसलं की अजूनही छातीत धडधडतं.