दारात दाखवलेला तुकडा

आमच्याकडं ऑपरेशन झालं की काय निघालं ते नातेवाइकांना दाखवावंच लागतं. खडा असो, गाठ असो. सिस्टर ट्रेत बाटली घेऊन दारात आली नाही, तर लोकांना वाटतं, नुसतं फाडून शिवलं. मी वीस वर्षं हे करतेय. आता मात्र बाटली हातात घेतली की अंगावर काटा येतो.

काही वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनचा खरंच उपयोग होतो का, याचं संशोधन चालू होतं. निम्म्यांचं खरं ऑपरेशन, निम्म्यांना फक्त कातडीला छेद आणि टाके. कुणाला काय, ते थिएटरात पाकीट फोडल्यावर ठरायचं. पेशंटला हे आधी समजावून सही घ्यायचे. आपल्या वाट्याला काय आलं, तेवढं वर्षभर कळू द्यायचं नाही. मला हा प्रकार कधीच पटला नाही. पण आम्हाला कोण विचारतंय!

फुलंब्रीच्या एका मावशींच्या पाकिटात खोटं निघालं. कमरेत इंजेक्शन दिलेलं, पण मावशी जाग्या. त्यांना खरं वाटावं म्हणून पडद्याआड डॉक्टर उगाच हत्यारं मागत होते, मी भांड्यात पाणी खळखळवत होते. लाज वाटत होती, खरं सांगते.

बाहेर त्यांचे मालक उभे. "काय निघालं ताई? दावा की."

आम्ही काही बोलायचं नाही, असा नियम होता. "डॉक्टर सांगतील" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी घुटमळले तसा त्या माणसाचा चेहरा उतरला, आणि माझा हात सवयीनं वळला. आधीच्या पेशंटच्या गुडघ्यातल्या गादीचे पांढरे तुकडे बाटलीत होते. तेच दाखवले. "हे बघा, हे सलत होतं." त्यांनी हात जोडले.

मावशी खडखडीत बऱ्या झाल्या. तपासणीला आल्या की माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा आणायच्या. भाजी करायचे, पण मला खाववायची नाही.

वर्षानं डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. मावशी जिना भराभर चढून आल्या, मी वरून बघत होते. डॉक्टरांनी खरं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डाक्टरचा राग नाय मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी आधी इचारलं व्हतं, खोटंबी निघू शकतं म्हून. म्या व्हय म्हणलं, सही केली. तुकडं दावताना तू इचारलं व्हतंस का, बाई?"

मावशी वळल्या, कठडा धरला, आणि एकेका पायरीवर थांबत उतरू लागल्या.