फाट्यावरून परतलेला जावई

आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, वारल्याचा निरोप माझ्या माहेरी ब्राह्मणपुरीला पोचला आणि तासाभरात माझा धाकटा भाऊ बापू दारात उभा. ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला... मला मात्र त्याही स्थितीत हसू आलं. याच बापूनं एकदा या माणसाचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली होती!

साहेब तेव्हा प्रांताधिकारी होते आणि मी स्वतःला जिल्ह्याची राणी समजत होते. नव्या रस्त्यात बापूची केळीची बाग जात होती आणि हरकतींची सुनावणी साहेबांपुढेच. मी माहेरी जाऊन, उगाच नथ सावरत सांगून आले, "सुनावनी आमना साहेबासपुढे शे, खुशाल ऱ्हा." काय ती ऐट! घरी कळल्यावर साहेब म्हणाले, "मेव्हण्याच्या जमिनीचा निकाल मी द्यायचा?" आणि वरिष्ठांना सांगून सुनावणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला लावली.

तेवढ्यावर थांबले तर ते साहेब कसले... आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी जाते, जावयाला खापरावरचे मांडे आणि आमरस. साहेब मला सोडायला आले ते फक्त फाट्यापर्यंत. बापू धावत आला.

"जवाईबापू, घरमा चला. मांडा थंडा व्हई ऱ्हायनात."

"निकाल लागू दे, बापू. तोवर तुझ्या घरचं पाणीसुद्धा नको."

"निकालना आनि मांडासना काय संबंध शे?"

साहेब एसटीत बसून परत गेले. रागाच्या भरात मी त्यांच्या वाटणीचेही मांडे खाल्ले आणि मग पोट धरून बसले. राणीसाहेब!

निकाल विरुद्ध गेला, अर्धी बाग गेली आणि बापूनं ती तोंड न बघण्याची शपथ घेतली. पुढच्या आखाजीला बापू मला न्यायला आलाच नाही. मी डोळे पुसत बसले, तर साहेब चपला घालत म्हणाले, "चल, आता मला जाता येतं." सरळ माझ्या आईच्या चुलीपुढे जाऊन बसले. बापूनं पाठ फिरवली. साहेब जेवले, वर आणखी रस मागितला.

"तुम्हले लाज नही वाटत?" बापू वळून म्हणाला.

"वाटते. पण भूक दोन आखाज्यांची आहे."

बापूनं तुपाची वाटी त्यांच्याकडे सरकवली... जरा आपटूनच.

रस्ता झाला. तिथून जाताना बापू दरवेळी खोचून म्हणायचा, "हाई जवाईबापूनी सडक." पुढे सगळा गावच तसं म्हणू लागला. यंदाची आखाजी दुःखाची, तरी तो मला न्यायला आला. उरलेल्या बागेजवळ त्यानं गाडी हळू केली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हाई..." म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही.