उमरखेडचा सायबर हल्ला

"चीनहून अटॅक झाला म्हणते आपल्या साइटवर," आमच्या ऑफिसचे शिपाई बाबारावजी चहावाल्याला सांगत होते.

"कापसाच्या साइटवर?" चहावाला म्हणाला. "आपला कापूस इथंच कोनी इचारून नाही राह्यलं, चीन कायले इचारते?"

यवतमाळच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी झालेलं सर्वांत शास्त्रीय विधान हेच. मी ते ऐकलं आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिले.

हमीभावाने कापूस विकायचा तर आधी आमच्या साइटवर नाव नोंदवून नंबर घ्यावा लागे. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. नंबर नाही मिळाला, तर व्यापारी म्हणेल तो भाव. साइट सांभाळायला मी एकटी. सकाळी दहाला ती बसली.

"हा हल्लाच आहे," साहेब म्हणाले. त्यांनी नुकतंच सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

असे हल्ले होतात, हे खरं. दुकानापुढे शंभर भाडोत्री माणसं नुसता भाव विचारत उभी राहिली, तर खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येत नाही. सर्व्हरचं, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर चालते त्याचं, तसंच होतं. कोण किती वेळा आलं याची नोंद तो ठेवतो. तिला लॉग म्हणतात. आमच्या लॉगमध्ये एकच इंटरनेट-पत्ता पानामागून पान दिसत होता.

"ब्लॉक कर," साहेब म्हणाले.

मी केला. पत्ता कुणाचा, हे पाहिलं नाही. ही चूक माझी. साइट जराशी हलली. साहेबांनी लगेच वर फोन लावला, "सर, हल्ला परतवला!"

अडीच वाजता माझा फोन वाजला. उमरखेडचे रशीदभाई. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे.

"म्याडम, आता तर आमाले 'प्रवेश बंद' दाखवते. तीन गावचे लोकं बसले इथं. आमी काय गुन्हा केला?"

"तुम्ही सारखं रिफ्रेश करताय का?"

"तुमच्या साहेबाचीच चिठ्ठी हाये न! साइट नाही उघडली तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करा. करून राह्यलो. सहाही कॉम्प्युटरवर!"

सहा कॉम्प्युटर, एकच कनेक्शन. बाहेरून पत्ता एकच दिसतो. रशीदभाई, तुम्हीच चीन आहात, हे त्यांना कसं सांगणार?

मग सकाळीच करायला हवं होतं ते केलं. आमचं होमपेज स्वतः उघडून पाहिलं. वरून खाली, इंचाइंचाने, आधी फेटा आला, मग साहेब, मग शाल, शेवटी नारळ. साइटच्या उद्घाटनाला झालेला सत्कार. फोटो कॅमेऱ्यातून थेट चढवलेला, चौकातल्या होर्डिंगला पुरेल एवढा. प्रत्येक रिफ्रेशला सर्व्हर तो अख्खा पाठवत होता. चढवला मीच होता, साहेबांच्या सांगण्यावरून. तेव्हाही मी गप्प होते.

साहेबांकडे गेले. "सर, ब्लॉक काढावा लागेल."

"आता? वर कळवून झालंय. रिपोर्ट जाऊ दे, उद्या बघू."

नोंदणीची मुदत आज संपत होती.

पुढचं आधीच सांगते. फोटो काढला, ब्लॉक उठवला, आणि साइट पळायला लागली. रशीदभाईंच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला पाचला दहा कमी असताना नंबर मिळाला. रिपोर्टमध्ये 'हल्लेखोर अज्ञात' असं लिहिलं गेलं. तेव्हापासून मी कुठल्याही शत्रूचा शोध घरच्या होमपेजपासून सुरू करते.

पण हे सगळं होण्याआधी मला साहेबांच्या टेबलापुढे तोंड उघडावं लागलं. दारात बाबारावजी चहाचे कप घेऊन थबकले होते.

मी म्हणाले, "सर, वर कळवा, हल्लेखोर सापडला. शाल पांघरून आपल्याच होमपेजवर बसलाय."